दीड हात अन् चार बोटं

केबल तोडण्याचा निर्णय माझा होता आणि तो तत्त्वाचा होता. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पांढरकवड्यात हीच गोष्ट वेगळ्या प्रकारे सांगणारे लोक आहेत.

झालं असं, की आमच्या केबलवर प्रत्येक माणूस दोनदा दिसत असे. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या खांद्यामागे तिचीच एक फिकट बहीण बसलेली असायची. मी केबलवाल्याकडे लेखी तक्रार दिली. 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात, मुद्देसूद मजकूर, सोबत लहरींच्या परावर्तनाची आकृती. त्या गृहस्थाने ती पानठेल्यावर मोठ्याने वाचून दाखवली आणि आकृती हातोहात फिरवली. एकोणीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची आकृती, चुन्याच्या बोटांनी! दुसऱ्या दिवशी मी स्वतः कात्रीने वायर कापली. कात्री माझी बायको रुपाली हिची, शिवणाची होती. तिच्या मते या प्रकरणात अन्याय झाला तो कात्रीवर.

दोन महिने टीव्ही विणलेल्या रुमालाखाली शांत झोपला होता. माझं वाचन वाढलं. रुपालीचं बोलणं कमी झालं. मग एका रविवारी सकाळी मुकुटबनहून सासूबाईंचा फोन आला.

"जवाईबुवा, मी टीवीत येऊन राह्यलो."

आमच्या पंचफुलामामी फोनवरही शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोलावं तसं बोलतात. त्यामुळे मी रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला आणि सगळी हकीगत ऐकली. ती गोष्ट २००६ सालची. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा जीपगाड्याच जास्त पिकत होत्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कोणी पाहणी करायला येई, कोणी अहवाल लिहायला, कोणी नुसतंच हळहळायला. अशीच एक गाडी मुकुटबनात थांबली. टीव्हीला शेतीचे कार्यक्रम बनवून देणारी कुठली तरी बाहेरगावची कंपनी होती.

"मले म्हणे, आजी, जरा उदास बसा. म्या म्हटलं, कायले? तं म्हणे, कापसाची परिस्थिती हाय ना. अन् तुमच्या मामाले म्हणे, काका, तुमी आत जाऊन बसा, मधात येऊन राह्यले."

"मग मामा आत गेले?" मी विचारलं. मामा म्हणजे माझे सासरे, बळीराम.

"गेले. कॅमेरा पाहून माणूस बैलापरीस गरीब होते. मी मात्र बोललो. चांगलं खणखणीत बोललो. पण त्याईनं काय ठिवलं अन् काय कापलं, थे पाहाच लागते. नवरा आत कोंडून मले एकटीले बसवलं बाहेर. उद्या टीवीत मले विधवा करून दाखवलं तं मी गावात तोंड कसं दाखवू? आमच्याकडं संध्याकाळी लाइन नसते. गुरुवारी साडेसहाले हाय कार्यक्रम. तुमच्याकडं येतो."

"या मामी," मी म्हणालो. "तुम्हाला एकदम स्वच्छ चित्र दाखवतो."

फोन ठेवला. रुपालीने विणलेल्या रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"केबलवाल्याला सांगून येता का?"

"मेलो तरी नाही. कार्यक्रम येणार तो हवेतून येणार. हवेला केबलवाला लागत नाही. अँटेना लागतो."

छतावरचा अँटेना शक्य नव्हता. आमच्या गल्लीत माकडांचा मुक्काम असतो, आणि माकडांना अँटेना ही आपल्यासाठी सरकारने केलेली सोय वाटते. शिवाय घरमालकाने छपराच्या कवेलूंवर पाय ठेवायची मनाई केलेली. राहिला घरात ठेवायचा अँटेना. स्वस्त, सुटसुटीत, माकडमुक्त. मी वहीत रकाने आखले: उंची, दिशा, पकड, किंमत, टिकाऊपणा. खरेदी ही अशी करायची असते. लोक दुकानात जाऊन वस्तू बघतात. मी आधी निकष ठरवतो आणि मग वस्तूला त्यांच्यासमोर उभं करतो.

बस स्टँडजवळच्या दुकानात तीन अँटेने होते. एक दोन लांब काड्यांचा, नाकतोड्यासारखा. दुसऱ्याला गोल कडं. तिसरा काळा, चपटा, खोक्यातला. खोक्यावर एक परदेशी कुटुंब धबधब्याचं चित्र पाहून हसत होतं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: डिजिटल.

"डिजिटल म्हणजे नेमकं काय?" मी दुकानदाराला विचारलं. विज्ञानशिक्षकाने विचारलेला प्रश्न, म्हणजे उत्तर तपासूनच घेणार.

"म्हणजे सर, याच्यात लाइट लागते," दुकानदार म्हणाला आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

आता मला सांगा. माणूस कितीही शास्त्रीय असो, हिरवा दिवा लागला की आतून काही तरी विरघळतंच. मी वही बंद केली.

दुकानाच्या पायरीवर इकबाल भेटला. हा आमच्या समोरच राहणाऱ्या जैनबबींचा मुलगा, आता चांगला दोन लेकरांचा बाप. बाजारात त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि वणीपासून लोक त्याच्याकडे सेट घेऊन येतात. पण दहावीत हा माझा विद्यार्थी होता आणि विज्ञानात मीच त्याला नापास केलं होतं. तेही 'लहरी' या धड्यावर. 'लहर म्हणजे काय' या प्रश्नाला त्याने लिहिलं होतं, 'लहर दिसत नाही पण लागते.' मी त्यावर लाल रेघ मारली होती.

"सर, अँटेना घेतला काय?" त्याने खोक्याकडे पाहिलं. "सर, एक बोलू का..."

"इकबाल," मी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "लहरी मी शिकवतो."

"हो सर," तो म्हणाला, आणि सायकलवर बसून गेला.

घरी अँटेना टीव्हीवर ठेवला. हिरवा दिवा लागला. टीव्हीवर मुंग्या आल्या. साध्यासुध्या नव्हेत, वारूळ फुटल्यासारख्या. मी अँटेना डावीकडे वळवला, तर मुंग्या डावीकडे गेल्या. उजवीकडे वळवला, तर आवाज यायला लागला: एक माणूस लिंबाच्या कलमाबद्दल फार आपुलकीने बोलत होता, पण दिसत नव्हता.

सोमवारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. पहिले आले धावजी राठोड. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जगातल्या कुठल्याही समस्येवर त्यांच्याकडे एकच उत्तर असतं, रस्ता.

"तोंड कुनीकडं हाय याचं?" त्यांनी विचारलं. "हैदराबादकडं? अरे याडी! म्हणूनच. नागपूरकडं करा. सगळं नागपूरहून येते. म्या तीस वर्षं आणलं नाई का?"

मी त्यांना समजावलं की लहरी हायवेने येत नाहीत. त्यांनी मला समजावलं की वडकीच्या पुढे रस्ता थोडा वळतो, तेव्हा अँटेनाही थोडा वळवावा. वळवला. लिंबाचा माणूस गेला आणि नुसती शिट्टी उरली.

मंगळवारी जैनबबी आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून खोलीची पाहणी केली आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या.

"सर, इसकू लोहा होना. तुमची धान्याची कोठी हाय ना पत्र्याची? तिच्यावर ठिवून पाहा."

मी हसलो. अशास्त्रीय सूचनेवर शिक्षकाने हसायचं असतं. पण रुपाली तोवर अँटेना घेऊन कोठीपाशी पोचली होती. वायर पुरेना. म्हणून टीव्ही स्वयंपाकघरात आणला. टीव्हीला जागा हवी म्हणून भांड्यांची मांडणी बाहेरच्या खोलीत गेली. मांडणीला जागा हवी म्हणून माझं टेबल व्हरांड्यात, आणि टेबलावरचे दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर देव्हाऱ्यासारख्या उंच फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. बुधवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना आमच्या घरात एकही वस्तू आपल्या जागी नव्हती, रुपाली एका हाताने अँटेना कोठीच्या झाकणाला दाबून धरून दुसऱ्या हाताने पोळ्या भाजत होती, आणि टीव्हीवर चित्र होतं. स्वच्छ! एक माणूस एकदाच दिसत होता!

"मला असंच उभं राहायचं का उद्या?" रुपालीने विचारलं.

"फक्त अर्धा तास," मी म्हणालो. "विज्ञानासाठी माणसांनी जन्म घालवलेत."

ती याचं उत्तर देणार तेवढ्यात, बरोबर सहा वाजता, लाइट गेली. त्याबद्दल मी वीज खात्याचा आजही आभारी आहे.

पण लाइट आठ वाजेपर्यंत आली नाही. भारनियमनाचं वेळापत्रक त्याच दिवशी बदललं होतं. आता रोज सहा ते आठ अंधार. आणि मामींचा कार्यक्रम साडेसहाला.

गुरुवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकून विजेच्या ऑफिसात गेलो. अर्ज तयार होता. आवक खिडकीवरच्या बाबूंनी तो शांतपणे वाचला.

"सर, विषय काय टाकू? सासूबाई?"

"विषय लिहिलेला आहे. 'सार्वजनिक हितार्थ एक तास वीजपुरवठा'."

"असा रकाना नाही. लग्न हाय, परीक्षा हाय, मयत हाय."

"मयतीला देता?"

"पहिले देत होतो. मंग एकाच घरी महिन्यात तीन मयती झाल्या. आता नाई देत." त्यांनी अर्जावर शिक्का मात्र मारला. मला बरं वाटलं, शिक्का शेवटी शिक्का असतो. मग ते खिडकीतून जरा पुढे वाकले. "सर, खासगीत सांगतो. तुमच्या गल्लीची तुमची बाजू गावाच्या फीडरवर हाय. समोरची बाजू दवाखान्याच्या फीडरवर. तिकडं लाइट जात नाई. समोर कोणाकडं जाऊन पाहा ना!"

समोर म्हणजे जैनबबी. आणि मला आठवलं की केबलवाल्याची कंट्रोल रूम आमच्याच बाजूला आहे. म्हणजे सहा ते आठ त्याचीही लाइट जाणार, आणि अख्ख्या पांढरकवड्याची केबल बंद पडणार. ज्यांच्या घरी लाइट आहे त्यांच्याही टीव्हीवर काही दिसणार नाही. गावात दिसणार तो एकच टीव्ही, ज्याला माझा अँटेना लावलेला असेल! खोटं कशाला बोलू, मी ऑफिसच्या पायऱ्या दोन-दोन उतरलो.

पाचच्या एसटीने मामी उतरल्या. नवं हिरवं लुगडं, कपाळावर ठळक कुंकू, हातात बिब्ब्याच्या गोडंब्यांची पुडी. जैनबबींनी त्यांना ओसरीवर पहिल्या जागी बसवलं. सहाला आमची बाजू अंधारात गेली आणि लोक दिव्यावर पाखरं यावीत तसे समोर यायला लागले. केबल बंद, घरात अंधार, आणि मुकुटबनची एक बाई टीव्हीत येणार म्हणून साक्षात हजर. ओसरी भरली, अंगण भरलं. केबलवाला स्वतः आला आणि चप्पल काढून मागे बसला. मी त्याला पाहिलं नाही असं दाखवलं, पण त्याने मला पाहावं अशी व्यवस्था केली.

मी सर्वांसमोर खोकं उघडलं. अँटेना जैनबबींच्या टीव्हीवर ठेवला. बटण दाबलं. हिरवा दिवा लागताच अंगणातून 'अरे वा' असा आवाज आला.

आणि मग मुंग्या आल्या.

डावीकडे, उजवीकडे, उभा, आडवा. धावजी नागपूर दाखवत होते. सहा वाजून दहा मिनिटं.

"कोठी पाह्यजे," जैनबबी म्हणाल्या. "हमारे घर कोठी नई."

"कोठी आणा!" मी गर्जना केली.

चार जण अंधारात आमच्या घरी गेले. कोठीत वर्षाचे गहू होते, ते काढायला वेळ नव्हता. गव्हासकट उचलली. गल्ली ओलांडली. जैनबबींच्या दारात आली आणि तिथे अडकली. ना आत, ना बाहेर. आतली माणसं आत राहिली, बाहेरची बाहेर, आणि धावजी बरोबर मध्ये, एक पाय अंगणात आणि एक गल्लीत. "रिव्हर्स घ्या, रिव्हर्स!" ते ओरडत होते. कोठीला रिव्हर्स नव्हता.

सहा वाजून अठरा मिनिटं. हातातली पुडी मामींनी घट्ट धरली होती आणि मुंग्यांकडे एकटक पाहत होत्या, जणू त्यातूनच आपलं तोंड शोधायचं आहे. ते मला बघवेना.

भिंतीला टेकून इकबाल उभा होता. रविवारपासून तो काही तरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याला बोलू देत नव्हतो. मी त्याच्यासमोर गेलो.

"इकबाल, सांग बाबा. काय चुकतंय माझं?"

त्याने आधी खाली पाहिलं.

"सर, हा अँटेना यूएचएफचा हाय, म्हंजे आखूड लहरींचा. आपल्याकडं व्हीएचएफवर येते, लांब लहरींवर. अन् वर डिजिटल लिवलं हाय, पण आपल्या हवेत अजून डिजिटल हायच नाई, तं थे येईन कुठून?"

"मग काल आमच्या घरी चित्र कसं आलं?"

"थे कोठीनं आलं सर. अन् ताईंच्या हातानं. अँटेना नुसता मधात होता."

बोलता बोलता त्याचे हात चालू झाले होते. सायकलच्या पिशवीतून चपट्या वायरचं वेटोळं काढलं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात मोजला, वर अर्धा, आणि वर चार बोटं. कापली. दोन्ही टोकं सोलून पिळली, मधोमध एका बाजूची तार तोडून तिथे दुसरी वायर जोडली. जैनबबींच्या चुलीपाशी पऱ्हाट्यांचा ढीग होता. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काड्यांतल्या दोन सरळ बघून त्याने वायर त्यांना आडवी बांधली.

माझ्या खिशात खडू असतोच. मी ओसरीच्या फरशीवर गणित मांडलं. लहरीची लांबी, तिचा अर्धा भाग. पंचाहत्तर सेंटिमीटर. रुपालीने शिवणाची टेप दिली. मी इकबालची वायर मोजली. पंचाहत्तर, आणि वर केसभर.

"तुला हा आकडा कुणी सांगितला?"

"कोणी नाई सर. पहिले दोन हाताची केली होती. मंग कापत कापत आलो. जिथं चित्र साफ झालं तिथं थांबलो."

तो माझ्याकडे असा पाहत होता, की पुन्हा लाल रेघ येते की काय. मी खडू खाली ठेवला.

"बरोबर आहे, इकबाल," मी म्हणालो. "पूर्ण बरोबर आहे. दहावीतलं तुझं उत्तरही बरंचसं बरोबर होतं."

त्याने वायर टीव्हीच्या मागे जोडली, पऱ्हाटी खिडकीच्या गजाला टेकवली आणि जरा फिरवली. मुंग्या थबकल्या, विरल्या, आणि त्यांच्या जागी लिंबाचा माणूस उभा राहिला. पहिल्यांदा पूर्ण दिसला. त्याला मिशा होत्या. अंगणाने टाळ्या वाजवल्या.

लिंबू संपलं. मग कापूस आला. बासरी वाजायला लागली, आणि मी ओळखलं, की काही खरं नाही. पडद्यावर मुकुटबनचं अंगण, आणि अंगणात एकट्या बसलेल्या आमच्या मामी. त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होता, पण त्यांचा आवाज काढून टाकला होता. त्याऐवजी एक जड पुरुषी आवाज म्हणाला, "आधार हरपलेली ही माता आज कुणाकडे पाहणार?"

पंधरा सेकंद. मग खताचं प्रमाण सुरू झालं.

रुपालीने आईच्या पाठीवर हात ठेवला. मामींचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

तेवढ्यात दारातून, कोठीच्या पलीकडून, धावजींचा आवाज आला. "अहो, पण मांगं दारात बळीराम उभा होता ना! पटक्यासकट! म्या पाह्यला!"

"म्याबी पाह्यला," जैनबबी म्हणाल्या. "दारामागून मान काढून देख रहे थे!"

"हो, मिशा बी दिसल्या," मागून केबलवाला म्हणाला. त्याच्या केबलवर मामा दोन दिसले असते, पण मी ते बोललो नाही.

चित्र खरोखरच इतकं स्वच्छ होतं. ज्याला मेलेला दाखवायचं होतं तो माणूस अख्ख्या अंगणाने दाराआडून वाकून बघताना पाहिला होता. कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले, आणि शेवटी मामीही. "म्या त्याले म्हटलं होतं, आत बसा म्हणजे आत बसा," त्या म्हणाल्या. "ऐकते का थो माणूस!"

मग पदर खोचून त्या उठल्या.

"इकबाल, बंद कर रे थे टीवी. त्याईनं आवाज कापला तं कापला. म्या काय बोललो, थे मीच सांगतो."

इकबालने टीव्ही बंद केला. मामी टीव्हीपुढे उभ्या राहिल्या.

"म्या त्याईले म्हटलं, बियाण्याच्या पुड्यावर लिवलं होतं, या कपाशीले अळी लागत नाई. तुमी बराबर लिवलं असन. पण अळीले वाचता येते काय? तिले कोणी वाचून दाखवलं नाई. थे आली, बसली, पोटभर जेवली अन् लेकरं घेऊन पुन्हा आली." हशा झाला. मामींनी हात वर केला. "अन् म्या त्याईले म्हटलं, बाबू, तुमी गाडी करून मयतीले येता. रडू पाह्याले येता. आमच्या गावी पेरणी होते, निंदन होते, वेचणी होते, तवा तुमची गाडी कुठं असते? एकडाव पेरणीले या. भाकर देतो. काम बी देतो."

या वेळी कोणी हसलं नाही. मग इकबालने एकट्याने टाळी वाजवली, आणि मग पूर्ण अंगणाने.

"पंचफुला," जैनबबी डोळे पुसत म्हणाल्या, "वो अळीवाला फिरसे बोल."

टाळ्या ऐकून मागच्या गल्लीतले लोक आले होते, त्यांच्यासाठी मामींनी पुन्हा सांगितलं. मग दवाखान्याचा चौकीदार आणि चहाच्या टपरीवरचे तिघे आले, त्यांना दारातली कोठी ओलांडता येईना म्हणून ते खिडकीशी उभे राहिले. त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. दर खेपेला अळी थोडी मोठी होत होती आणि टीव्हीवाले थोडे लहान. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्यात मलाही घातलं.

"अन् आमचे जवाईबुवा तं सायन्सचे मास्तर हाय," त्या म्हणाल्या. "यायच्या डब्यावर बी लिवलं होतं. यायनं वाचलं अन् लगेच मानलं. म्हणजे पाहा, अळी जास्त शिकेल निंगाली."

खिडकीपासून अंगणापर्यंत सगळी गल्ली माझ्याकडे पाहून हसली. केबलवाला तर कोठीला धरून हसत होता. मी उभा राहिलो. घसा साफ केला. हातावरचा खडू झटकला.

"हे विधान," मी म्हणालो, "शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे."